पेटीवर कुठली भाषा छापायची?

प्रश्न: काका, आमचं वाळूजला छोटं युनिट आहे, थ्री व्हीलरच्या क्लच प्लेट आणि ब्रेक शू बनवतो. गेल्या वर्षीपासून एका एजंटमार्फत नायजेरियाला माल जातोय. आता मुलगा म्हणतो की पेटीवर आणि आतल्या पत्रकावर ‘नायजेरियन भाषेत’ छापू, म्हणजे गिऱ्हाईकाला आपलं वाटेल. भाषांतर करून देणारा एक जण ऑनलाइन सापडलाय, पानावर पैसे घेतो. देऊ का काम?
– एक उद्योजक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: आधी पैसे थांबवा. ‘नायजेरियन भाषा’ अशी चीजच नाही हो. त्या एका देशात पाचशेच्या वर भाषा आहेत, सरकारी कारभार इंग्रजीत, बाजारात मोठ्या तीन, म्हणजे उत्तरेला हाउसा, लागोसच्या बाजूला योरुबा आणि आग्नेयेला इग्बो, आणि दक्षिणेत या सगळ्यांना एकमेकांशी बोलायला पिजिन. पिजिन म्हणजे मोडकं इंग्रजी असं मी तिथल्या धंद्यात पहिली दोन वर्षं समजत होतो, आणि एजंट ‘आय डे कम’ म्हणून उठला की तिथेच वाट बघत बसायचो, कारण मला वाटायचं तो ‘येतोय’ म्हणतोय. तो जात असतो! आपण निघताना ‘येतो हं’ म्हणतो ना, तेच. बीबीसीने 2017 मध्ये पिजिनमध्ये वेगळी सेवा काढली, हाउसात तर त्यांचा रेडिओ 1957 पासून चालू आहे, तेव्हा या भाषांना बोली बिली म्हणून बाजूला टाकू नका.

आता तुमची पेटी कुणाकुणाच्या हातातून जाते ते बघा. न्नेवी आणि ओनित्शा ही सुट्या भागांची मोठी ठिकाणं, लागोसला लाडिपो मार्केट, या धंद्यात इग्बो व्यापारी पुष्कळ. ते आपसात इग्बो बोलतील, पण बिल, पावती, पार्ट नंबर सगळं इंग्रजीत. म्हणून पेटी इंग्रजीतच राहू द्या, फक्त ते इंग्रजी त्यांचं पाहिजे. तुम्ही इंडिकेटर लिहाल, तिथला मेकॅनिक त्याला ट्रॅफिकेटर म्हणतो. पंक्चरवाल्याला व्हल्कनायझर. परदेशातून आलेला जुना पार्ट म्हणजे टोकुन्बो, हे खरं तर योरुबात परदेशात जन्मून घरी आणलेल्या मुलाचं नाव. तुमचा माल नवा आहे हे सांगायचं असेल तर गिऱ्हाईकाच्या डोक्यात तो टोकुन्बोच्या शेजारी उभा आहे हे लक्षात ठेवूनच लिहावं लागेल. आणि कृपा करून प्रोफॉर्मावर, म्हणजे आगाऊ बिलावर, 12,50,000 असा स्वल्पविराम देऊ नका, लाख तिथे कुणाला माहीत नाही, माझं एक बिल याच भानगडीत बँकेतून दोनदा परत आलं होतं.

शब्दांवरून आठवलं, तुमच्याच वाळूजला बनणारी ती रिक्षा. लागोसमध्ये तिला केके मार्वा म्हणतात, बुबा मार्वा हे नव्वदच्या दशकाच्या शेवटी लागोस राज्याचे लष्करी प्रशासक होते, त्यांच्या काळात ती रस्त्यावर आली म्हणून. पुढे सरकारच्या गरिबी हटाव योजनेतून वाटल्या तेव्हा योजनेच्या आद्याक्षरांवरून केके नापेप. आणि उत्तरेला कानो शहरात गेलात तर तिसरंच, अदाइदाइता साहू! हाउसात याचा अर्थ रांग सरळ करा, नमाजाला उभं राहतात ती रांग. कानो राज्य सरकारच्या समाजसुधारणेच्या मोहिमेचं ते नाव, बायकांनी मोटरसायकल टॅक्सीवर बसू नये म्हणून त्या मोहिमेतून रिक्षा आणल्या, आणि लोकांनी मोहिमेचं नाव गाडीलाच चिकटवलं. आता तुमचा तो पानावर पैसे घेणारा माणूस ‘तीनचाकी वाहन’ याचं शब्दशः हाउसा करून देणार, व्याकरणात शंभर टक्के बरोबर असेल, आणि कानोतला ड्रायव्हर विचारणार हे कशाबद्दल आहे?

माझा स्वतःचा किस्सा ऐका. योरुबात स्वर चढला उतरला की अर्थ बदलतो. ऑकॉ म्हणजे गाडी, ऑकॉ म्हणजे नवरा, ऑकॉ म्हणजे कुदळसुद्धा, आपल्याला तिन्ही सारखेच ऐकू येतात, कागदावर फरक असतो तो अक्षरावरच्या तिरक्या रेघांचा. आम्ही इबादान या योरुबा शहरासाठी पोस्टर केलं, छपाई मुंबईत, त्या फॉन्टमध्ये रेघाच नव्हत्या म्हणून डिझायनरने त्या काढून टाकल्या आणि कुणाला सांगितलं पण नाही. ‘तुमच्या नवऱ्यासाठी अस्सल पार्ट.’ आता तिथली माणसं स्वतः मोबाइलवर रेघा न देताच टाइप करतात आणि संदर्भावरून बरोबर वाचतात, त्यामुळे कळलं सगळ्यांना, पण परदेशी कंपनीच्या पोस्टरवर दिसलं की हसणारच ना, दुकानातल्या बाया तर महिनाभर विचारत होत्या की नवरा दुरुस्त होतो का म्हणून. हाउसात हीच गत, तिथे काही अक्षरांना हुकासारखा आकडा असतो, आकडा असलेल्या के ने ‘कारा’ लिहिलं तर वाढवा, आकडा गेला की ज्वारीचं ताट.

मग करायचं काय, तर छापू नका, बोला. व्हॉट्सअॅप व्हॉइस नोट. चाळीस सेकंदांची, एक हाउसात, एक योरुबात, एक पिजिनमध्ये, जमलं तर इग्बोत. भाषांतरकाराला मजकूर देऊन नाही, तर कानोतल्या एखाद्या मेकॅनिकला पार्ट हातात द्यायचा आणि म्हणायचं की तुझ्या पोऱ्याला हा कसा बसवायचा ते समजावून सांग, आणि ते रेकॉर्ड करायचं. ‘पोऱ्या’ मुद्दाम म्हणतोय. इग्बो धंद्यात मुलगा मालकाकडे काही वर्षं राहून काम शिकतो आणि शेवटी मालक त्याला दुकान टाकायला भांडवल देतो. आज पेटी उघडणारा तो पोरगा उद्या तुमचा डीलर असू शकतो, पत्रक वाचायला त्याला वेळ नाही पण कानात इअरफोन असतोच.

एकच सांभाळा, नोट नमस्काराशिवाय सुरू करू नका. काम करणाऱ्या माणसाला योरुबात ‘ए कू इशे’, हाउसात ‘सन्नू दा आइकी’ म्हणतात, आपल्या ‘काय, चाललंय का काम?’ सारखं. योरुबात तू आणि तुम्ही आपल्यासारखंच वेगळं असतं, तेव्हा विशीतल्या पोराच्या आवाजात वयस्कर मेकॅनिकला ‘तू’ गेलं की पार्ट कितीही चांगला असो.

प्रश्न: सर, आम्ही कोल्हापूरहून शेतीचे छोटे पंप आणि सुटे भाग सेनेगलला पाठवतो. कॅटलॉग फ्रेंचमध्ये केलाय. आता डाकारच्या वितरकाने तिथल्या वोलोफ भाषेत रेडिओची जाहिरात बनवून पाठवली. भाचीने आकडे जुळवून बघितले तर 25,000 फ्रँकचा भाग जाहिरातीत चक्क 5,000 ला सांगितलाय! आधी वाटलं चूक असेल, पण जाहिरातीतला प्रत्येक आकडा असाच कमी आहे. हा माणूस काही गोलमाल करतोय का? पैसे अडकलेत, लवकर सांगा.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: तुमच्या वितरकाची माफी मागा, मनातल्या मनात तरी. वोलोफमध्ये पैसे फ्रँकमध्ये मोजत नाहीत, डेरेममध्ये मोजतात, आणि एक डेरेम म्हणजे 5 फ्रँक. जाहिरातीत ‘जुरोमी जुन्नी’ असं ऐकू येत असेल, म्हणजे पाच हजार, पण पाच हजार डेरेम, झाले 25,000 फ्रँक. बाजारात कुणी ‘तेमेर’ म्हटलं, म्हणजे शंभर, तर 500 फ्रँक काढायचे. आणि तोच दुकानदार पुढच्या मिनिटाला फ्रेंच बोलायला लागला की आकडा एकदम पाचपट, त्याचा त्यालाही पत्ता नसतो. पूर्वी आपल्याकडे आजी चार आणे म्हणायची आणि हातात पंचवीस पैसे ठेवायची, त्यातलाच प्रकार, फक्त इथे नोटांवर एक आणि तोंडात दुसरं, अजून चालू आहे. मालीत बांबारा भाषेतही हेच, तिथे डोरोमे म्हणतात, तेव्हा उद्या बामाकोत माल गेला की पुन्हा घाबरू नका.

वितरकाने उलट शहाणपणा केलाय. फ्रेंच आकडा तसाच वोलोफमध्ये घातला असता तर ऐकणाऱ्याने भाव 1,25,000 धरला असता आणि चॅनेल बदललं असतं. (बघा, मी पण लाखाचा स्वल्पविराम दिला, मराठीत आहे म्हणून चालतं.) तुम्ही इतकंच करा, लेखी कोटेशन, करार, व्हॉट्सअॅपवर ठरलेला भाव, सगळीकडे फ्रेंच आकडा आणि पुढे ‘एफ सीएफए’, म्हणजे तिथल्या फ्रँकची खूण, आणि फोनवर भाव ठरला तर लगेच आकडा टाइप करून पाठवा. फ्रेंच कॅटलॉग टाकू नका, आयातदाराला, कस्टमला, बँकेला तोच लागतो. शेतकरी मात्र रेडिओच ऐकणार.

प्रश्न: मी पुण्याची, एका औषध कंपनीतर्फे पुढच्या महिन्यात दोन वर्षांसाठी आक्राला जातेय. ऑफिसात सगळे म्हणतात की घानात इंग्रजी चालतं, वेगळं काही शिकायची गरज नाही. खरंय का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: ऑफिसात चालतं. मेडिकलच्या काउंटरवर, बाजारात, ट्रोट्रोत म्हणजे तिथल्या वडापमध्ये, ट्वी जास्त चालते. आक्रात 1999 मध्ये पीस एफएमने सगळे कार्यक्रम अकान भाषेत, म्हणजे ट्वी जिचा भाग आहे तिच्यात, सुरू केले आणि स्टेशन प्रचंड चाललं, यावरून काय ते समजा. पण आक्राचे मूळचे लोक गा भाषेचे आणि उत्तरेला टमालेत दगबानी, तेव्हा प्रत्येकाला ट्वी येतेच असं धरून तोंड उघडू नका, आधी विचारा. दोन गोष्टी लगेच लागतील. इंग्रजीत बोलतानासुद्धा वाक्यागणिक ‘प्लीज’ म्हणायचं, ‘प्लीज, नो’, ‘प्लीज, येस’, आपल्या पुणेरी थेट ‘नाहीये’ने तिथली बाई दुखावेल. आणि डाव्या हाताने काही देऊ नका, हे तुम्हाला शिकवायला नको.

हो, आणि आपला जन्म कुठल्या वारी झाला ते आईला विचारून ठेवा. अकान लोकांत वारावरून नाव पडतं, शनिवारची मुलगी अमा, रविवारची अकोसुआ, मंगळवारची अबेना. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारेल, आणि तुमचं मराठी नाव त्यांच्या जिभेवर बसेपर्यंत मेडिकलवाले तुम्हाला त्याच नावाने ओळखतील.