कोर्टात नोकरी लागलीय, पण तिथे स्टाफ सुरक्षित असतो का?

तुम्ही विचारलंय की धाकट्या बहिणीला कोर्टात ज्युनिअर क्लार्कची ऑर्डर आलीय, पोस्टिंग नाशिक जिल्ह्यातच मिळेल, पण घरचे म्हणतात तिथे गुन्हेगार येतात, रोजची भांडणं, मुलीने कसं काम करायचं, आणि गेटवरच्या त्या मेटल डिटेक्टरशिवाय काही सिक्युरिटी असते का. माझी सगळी नोकरी याच खात्यात झाली, आधी तालुक्याच्या कोर्टांत आणि मग शहरात, कारकून म्हणून लागलो आणि अधीक्षक म्हणून रिटायर झालो, तर जे बघितलंय ते सांगतो. पहिलं म्हणजे तिला जॉइन होऊ द्या. नोकरी चांगली आहे, बहुतेक दिवस शांतच जातात. फक्त घरच्यांची भीती चुकीच्या माणसाबद्दल आहे.

बेड्या घातलेला आरोपी बघून लोक दचकतात. त्याच्यासोबत पोलीस पार्टी असते हो, त्याला हलायलाही जागा नसते. स्टाफला जो त्रास झालेला मी बघितला तो जवळपास सगळा साध्यासुध्या, एरवी पोलीस स्टेशनची पायरी न चढलेल्या माणसांकडून झालाय. वाटपाच्या दाव्यात हरलेला भाऊ, मुलाचा ताबा न मिळालेला बाप, पोटगीची थकबाकी भरायची ऑर्डर झालेला नवरा. निकाल देऊन साहेब चेंबरमध्ये जातात, मागे दार लागतं, आणि डायसखाली उरतो कोण तर क्लार्क आणि स्टेनो. राग असतो निकालावर, निघतो समोर जो बसलाय त्याच्यावर. आणि त्यात जर कुणी त्या माणसाला सांगितलं असेल की 'फाइल क्लार्कनेच दाबली' तर मग बघायलाच नको.

एका तालुका कोर्टात असताना नक्कल विभागात झालेलं सांगतो. एका गृहस्थाला निकालाची नक्कल त्याच दिवशी पाहिजे होती, खिडकीवरच्या मॅडम शांतपणे सांगत होत्या की निकालाची टायपिंगच बाकी आहे, तर त्याने खिडकीतून हात घालून रजिस्टर ओढलं आणि मग बाजूच्या दारातून सरळ आत. खोलीला दार एकच. मॅडमचं टेबल भिंतीला लावलेलं, मागे गठ्ठ्यांची कपाटं, म्हणजे दार आणि त्या यांच्यामध्ये तो माणूस उभा. शिपाई धावले म्हणून निभावलं, मारहाण झाली नाही. नंतर आम्ही काय केलं तर टेबल फिरवलं, दाराला आतून कडी बसवली, खिडकीला जाळी आणि खाली फक्त कागद जाईल एवढी फट ठेवली. खर्च किती आला असेल, किरकोळ. म्हणून तुमच्या बहिणीला सांगा, पहिल्या दिवशी खुर्चीवर बसली की एवढंच बघायचं, उठून दारापर्यंत जाताना मध्ये पक्षकार येतो का. येत असेल तर टेबल हलवून घ्यायचं, आणि ते नाझरांना, म्हणजे कोर्टाचं सामान-हिशेब बघणाऱ्या अधिकाऱ्यांना, सांगायला लाजायचं नाही, फर्निचर त्यांच्याकडेच असतं.

आता गेटबद्दल. सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट 2023 मध्ये प्रद्युम्न बिष्ट यांच्या केसमध्ये सगळ्या हायकोर्टांना सांगितलंय की गृह विभागाचे सचिव आणि पोलीस महासंचालकांशी बोलून कोर्टांचा सिक्युरिटी प्लॅन करा, प्रत्येक कॉम्प्लेक्सला कायमचं कोर्ट सुरक्षा पथक द्या, सीसीटीव्ही, सामानाचे स्कॅनर बसवा, कोर्टाचं आवार लोक शॉर्टकट म्हणून वापरतात त्यावर बंधन आणा. याची गरज का पडते ते दिल्लीच्या रोहिणी कोर्टावरून कळतं. 24 सप्टेंबर 2021 ला दोघंजण वकिलाच्या वेशात आत गेले आणि कोर्टरूममध्येच गँगस्टर जितेंद्र गोगीला गोळ्या घातल्या. म्हणजे काळा कोट बघितला की सोडून द्यायचं ही सवय किती महागात पडते ते सगळ्यांनी बघितलं. तरी आजही बऱ्याच ठिकाणी वकील आणि स्टाफ डिटेक्टरच्या बाजूने जातात, कारण रोजची ओळख, पोलिसाला अवघड वाटतं. माझं मत स्पष्ट आहे, तपासणी सगळ्यांची व्हावी, स्टाफने तर स्वतःहून बॅग पुढे करावी, आपण केली की बाकीच्यांना नाही म्हणायला तोंड राहत नाही.

पण नुसतं गेट कडक करून भागत नाही. 7 सप्टेंबर 2011 ला दिल्ली हायकोर्टाबाहेर बॉम्ब फुटला तो पाच नंबर गेटपाशी, पास काढायला लोक थांबले होते तिथेच, म्हणजे तपासणीच्या अलीकडे. आपल्याकडे नाशिकला सीबीएसला, म्हणजे सेंट्रल बस स्टँडला, सकाळी काय गर्दी असते तुम्हाला माहितीये, स्टँड तिथेच, कलेक्टर ऑफिस शेजारी, खेड्यापाड्यातनं आलेली माणसं, तारखेला उशीर होईल म्हणून सगळ्यांचीच घाई. अशा ठिकाणी एकाच दारावर रांग लावून ठेवणं हाच धोका, म्हणून दारं वेगवेगळी पाहिजेत, पक्षकारांचं वेगळं, स्टाफचं वेगळं, कैद्यांचं तर वेगळंच पाहिजे. जुन्या दगडी इमारतींमध्ये हे जमत नाही, तिथे व्हरांडा एकच, त्यातूनच कैदी, त्यातूनच फिर्यादीचे नातेवाईक आणि त्यातूनच आमचे शिपाई छातीशी गठ्ठे धरून. नागपूरचं 2004 चं प्रकरण आठवत असेल, अक्कू यादव या गुंडाला तारखेला आणलं होतं, पोलीस बरोबर होते, आणि 13 ऑगस्टला भरदिवसा कोर्टातच जमावाने त्याला मारलं. लोकांची चीड समजू शकतो, त्या वस्तीने काय भोगलं होतं तेही माहितीये, पण तिथे टेबलावर काम करणाऱ्या माणसांचा विचार कुणाच्याच बोलण्यात आला नाही हे मला तेव्हाही खटकलं होतं.

पोलीस बळ हा तर कायमचा विषय. कोर्टाला दिलेले कर्मचारी बंदोबस्त लागला की पहिले उचलले जातात, गणपती, इलेक्शन, कुणा मंत्र्यांचा दौरा. आता 2027 चा सिंहस्थ येतोय, त्या काळात नाशिकच्या कोर्टांत गेटवर कोण उभं राहणार हे आत्तापासून लिहून घेतलं पाहिजे, नाहीतर पर्वणीच्या आठवड्यात डिटेक्टर असेल आणि त्याच्यापाशी माणूस नसेल. नाशिकरोड जेलमधल्या कैद्यांच्या नुसत्या तारखा व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर, घेतल्या तर पोलीस पार्टीही वाचते आणि व्हरांड्यातली गर्दीही.

सगळ्यात जास्त काळजी मला कुणाची वाटते तर बेलिफची, म्हणजे समन्स-वॉरंट बजावायला जाणाऱ्या कोर्टाच्या माणसाची. बाकीच्यांना निदान भिंती आहेत, शिपाई आहे, हाक मारली तर कोणी येतं. बेलिफ मोटरसायकलवर एकटा जातो, पिशवीत समन्स आणि कब्जा वॉरंट, आणि जायचं कुठे तर दिंडोरी-निफाडकडच्या मळ्यात जिथे दोन भाऊ बांधावरून वर्षानुवर्षं भांडतायत आणि द्राक्षं काढणीला आलीयत. त्या घरच्यांना तो कोर्टाचा माणूस वाटतच नाही, समोरच्या पार्टीचा माणूस वाटतो, कारण ती पार्टी जागा दाखवायला त्याच्याबरोबरच आलेली असते. कुत्रं सोडतात, बायकांना पुढे करतात, कुणी रॉकेलचा डबा घेऊन दारात उभं राहतं. अशा वेळी कब्जा घ्यायचा हट्ट करायचा नाही. अडथळा झाला असा रिपोर्ट लिहून परत यायचं, मग दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 21 रूल 97 खाली डिक्रीवाला, म्हणजे ज्याच्या बाजूने निकाल लागलाय तो, अर्ज करतो, पोलीस मदतीचा हुकूम मिळतो, आणि पुढच्या वेळी बंदोबस्त घेऊन जाता येतं. नवीन पोरांना हे कुणी नीट शिकवत नाही, वॉरंट बजावणी झालं नाही तर साहेब रागावतील या भीतीने ती पुढे जातात. जमीन आज नाही तर दोन महिन्यांनी मिळेल, त्यासाठी माणसाने डोकं फोडून घ्यायचं काही कारण नाही.

कायद्याचं थोडं सांगतो कारण ते बहिणीच्या उपयोगाचं आहे. 1 जुलै 2024 पासून जुन्या भारतीय दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. सरकारी कामात हल्ला किंवा जबरदस्ती केली तर कलम 132, जे आधी 353 होतं, आणि कोर्ट चालू असताना जजचा अपमान किंवा कामात मुद्दाम व्यत्यय आणला तर 267, आधीचं 228. नुसता अडथळा असेल तर 221, पण त्यात कोर्टाला दखल घ्यायला संबंधित कर्मचाऱ्याची किंवा त्याच्या वरिष्ठांची लेखी तक्रार लागते. खरी गाडी इथेच अडते, आपल्याकडे लेखी कोणी देतच नाही. 'बघून घेईन' म्हणून धमकी दिली, सगळ्यांनी ऐकलं, चहा प्यायला, विसरले. तोच माणूस पुढच्या तारखेला पुन्हा येतो आणि तेव्हा कुणाकडे काही कागद नसतो, बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या केसच्या यादीत, त्याचं नाव बघून पोलिसाला आधी सांगून ठेवावं हेही सुचत नाही.

म्हणून तिने एवढं करावं. धमकी कितीही फुसकी वाटली तरी त्याच दिवशी चार ओळी लिहून अधीक्षकांमार्फत साहेबांकडे द्याव्यात, तारीख, केस नंबर, काय शब्द वापरले ते जसेच्या तसे, आणि पोच घ्यावी. पक्षकाराला स्वतःचा मोबाईल नंबर देऊ नये, तारीख बघायला ई-कोर्ट्सचं ॲप आहे ते दाखवावं. संध्याकाळी उशिरा रिमांड आला आणि थांबावं लागलं तर एकटीने स्टँडवर चालत जाऊ नये, कोर्टाच्या पोलिसाला किंवा शिपाईमामांना सांगावं, ते सोडतात, त्यात मिंधेपणा काही नाही. आणि स्टाफमधल्या किंवा वकिलांपैकी कुणाचा त्रास असेल तर 2013 च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असते, तिच्या सदस्यांची नावं पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावीत.

पोस्टिंग कुठल्या तालुक्याला मिळालं ते इथेच कमेंटमध्ये लिहा, तिथली इमारत मला माहीत असेल तर कुठल्या सेक्शनला काय काळजी घ्यायची ते सांगतो.