नवजात बाळाच्या रक्ताची गुठळी मोठ्या माणसासारखीच असते का? त्यासाठी प्रथिने आणि इमेजिंग दोन्ही का शिकायचे?

आपण जीवरसायनशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेत आहात आणि पुढे नवजात बाळांच्या रक्तातील गुठळ्यांवर संशोधन करण्याचा आपला विचार आहे. मार्गदर्शक मात्र कधी प्रथिनांविषयी बोलतात, तर कधी सोनोग्राफी आणि एमआरआयविषयी. बाळाची गुठळी म्हणजे मोठ्यांच्या गुठळीचेच लहान रूप असेल, तर एवढा खटाटोप कशासाठी, असे आपण विचारले आहे. मी काही वर्षे फायब्रिनच्या जाळ्यांची सूक्ष्मदर्शकाखालील चित्रे मोजण्याचे काम केले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की ती लहान रूप नसते, आणि आपल्या प्रश्नाचे बहुतेक उत्तर या एका गोष्टीतच आहे.

रक्त गोठते म्हणजे रक्तद्रवात विरघळलेले फायब्रिनोजेन हे प्रथिन फायब्रिनच्या तंतूंत बदलते. फायब्रिनोजेनचा रेणू सुमारे ४५ नॅनोमीटर लांब असतो आणि तीन प्रकारच्या, प्रत्येकी दोन साखळ्यांनी बनलेला असतो. थ्रॉम्बिन हे विकर त्याचे छोटे तुकडे कापून काढते, त्यामुळे झाकलेल्या जागा उघड्या पडतात, रेणू एकमेकांना अर्ध्या लांबीने मागेपुढे सरकून चिकटतात, तंतू तयार होतात, तंतू एकमेकांवर चढून जाड होतात, आणि शेवटी घटक तेरा (रक्त गोठवणाऱ्या, क्रमांक दिलेल्या प्रथिनांपैकी एक) त्यांना आडवे टाके घालून जाळे पक्के करतो. पुढे ते जाळे विरघळवण्याचे काम प्लाझ्मिन करते, जे प्लाझ्मिनोजेनपासून बनते. ही साखळी आपल्याला पाठ असेलच. बाळाच्या बाबतीत मात्र तिच्यातील जवळजवळ प्रत्येक कडीचे प्रमाण निराळे असते.

कॅनडातील बालरक्तरोगतज्ज्ञ मॉरीन अँड्र्यू यांनी १९८७ साली पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांमधील या घटकांची मोजमापे प्रसिद्ध केली, आणि गोठण्याची यंत्रणा वयानुसार घडत जाते ही कल्पना तिथून रुजली. जीवनसत्त्व के वर अवलंबून असलेले घटक दोन, सात, नऊ आणि दहा जन्मावेळी मोठ्यांच्या साधारण निम्म्याने असतात. गोठणे आवरणारे अँटीथ्रॉम्बिन आणि प्रोटीन सी हेही कमी असतात आणि प्लाझ्मिनोजेनही जवळपास निम्मेच असते. दुसरीकडे थ्रॉम्बिनला अडवणारे अल्फा-२ मॅक्रोग्लोब्युलिन हे प्रथिन मोठ्यांपेक्षा बरेच जास्त असते. म्हणजे गोठवणारे कमी, आवरणारेही बहुतेक कमी, आणि त्यातून एक नाजूक तोल साधलेला असतो. निरोगी बाळात तो उत्तम टिकतो. नसेत नळी घातली, जंतुसंसर्ग झाला किंवा शरीरातील पाणी कमी पडले, की तो ढळतो. बाळांमधील गुठळ्यांच्या कारणांत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत ठेवलेली नळी) आणि नाळेतून घातलेल्या नळ्या सर्वांत वर आहेत, यात नवल नाही: इतक्या अरुंद शिरेत नळी बसली की प्रवाहाला जागाच किती उरणार?

आता फायब्रिनोजेनकडे येतो, कारण माझ्या मते खरी मेख इथेच आहे. त्याची पातळी तपासली तर बाळाचा आकडा मोठ्यांच्या आकड्याजवळ येतो आणि अहवालावर ‘नॉर्मल’ असा शेरा पडतो. पण थ्रॉम्बिन टाइम, म्हणजे थ्रॉम्बिन घातल्यावर रक्तद्रव गोठायला लागणारा वेळ, तपासला तर तो लांबलेला दिसतो. माल पुरेसा आहे, पण त्याचे वाण वेगळे आहे. बाळात गर्भावस्थेपासून असलेल्या फायब्रिनोजेनवर सियालिक आम्ल आणि फॉस्फरस अधिक असतात. सियालिक आम्लावर ऋण विद्युत्भार असतो, तो वाढला की रेणू एकमेकांना अधिक दूर लोटतात आणि त्यांचे जुळणे मंदावते, असे सामान्यतः समजावले जाते. त्यामुळे केवळ प्रमाण पाहून निर्णय घेणे मला कधीच पटलेले नाही.

हृदयाच्या शस्त्रक्रियेत हा मुद्दा ऐरणीवर येतो. तीन किलोच्या बाळाच्या शरीरात रक्त असते अवघे अडीचशे मिलिलिटरच्या आसपास. हार्ट-लंग मशीनच्या नळ्या भरण्यासाठी लागणारे द्रव त्या मानाने इतके असते की बाळाचे स्वतःचे घटक पातळ होऊन जातात. मग रक्तस्राव थांबवण्यासाठी क्रायोप्रेसिपिटेट, म्हणजे रक्तद्रवातून काढलेला फायब्रिनोजेनयुक्त भाग, देतात, आणि ते मोठ्या दात्यांच्या रक्तापासून बनलेले असते. म्हणजे एकाच जाळ्यात दोन वाणांचे सूत विणले जाते. ते सूत एकमेकांत कसे मिसळते, आणि रक्तस्राव थांबवता थांबवता नको तिथे गुठळी होण्याचा धोका वाढतो का, हे प्रश्न फायब्रिनोजेनच्या आकड्यावरून सुटत नाहीत. त्यासाठी जाळे डोळ्यांनी पाहावे लागते.

प्रयोगशाळेत हे पाहणे फार साधेही असते आणि फसवेही. रक्तद्रवात चमकणारा रंग जोडलेले थोडे फायब्रिनोजेन मिसळायचे, थ्रॉम्बिन घालायचे, आणि थेंब काचेवर ठेवून कॉन्फोकल (लेझर प्रकाशाने थराथराने चित्र घेणाऱ्या) सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. काही मिनिटांत पारदर्शक थेंब धुरकट होतो आणि पडद्यावर कोळिष्टकासारखे धागे उमटू लागतात. पहिल्या वेळी मी त्यांची जाडी मोजून वही भरली होती, आणि ते सगळे आकडे निरुपयोगी ठरले. कॉन्फोकलला दोनशे नॅनोमीटरच्या खालचे स्पष्ट दिसत नाही, आणि तंतू अनेकदा शंभराच्या आसपासचे असतात. मी मोजत होतो ती तंतूची जाडी नव्हतीच, ती प्रकाशाची पसरण होती. तंतूंची दाटी, फाटे आणि दिशा यांसाठी कॉन्फोकल चांगला. जाडीसाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हवा, पण त्यासाठी नमुना वाळवावा लागतो आणि वाळवताना जाळे आक्रसते. प्रथिनांच्या माणसाला इमेजिंग का यावे, याचे पहिले कारण मला या वहीने शिकवले.

दुसरे कारण बाळाच्या पाळण्याशेजारी सापडते. तिथली पहिली तपासणी सोनोग्राफीच असते, कारण तिच्यात किरणोत्सर्ग नाही आणि यंत्र बाळापर्यंत नेता येते. मेंदू पाहण्यासाठी तर निसर्गानेच खिडकी ठेवली आहे: टाळू भरलेली नसल्यामुळे तिथे प्रोब टेकवून आतले दिसते. सोनोग्राफीतील डॉप्लर या पद्धतीने शिरेतील प्रवाह अडला आहे का, तेही कळते. मात्र छातीतील मोठ्या शिरा हाडांच्या आड गेल्या की सोनोग्राफीचा हात आखडतो. मेंदूतील झटक्याची (पक्षाघाताची) शंका असेल, विशेषतः बाळाला पहिल्याच दिवसांत आकडी आली असेल, तर एमआरआय लागतो. त्यातील डिफ्युजन चित्रात, म्हणजे ऊतींतील पाण्याच्या हालचालीवरून काढलेल्या चित्रात, इजा लवकर दिसते, पण साधारण आठवड्याभरात तो बदल पुसट होत जातो, म्हणून वेळ चुकली तर निष्कर्षही चुकू शकतो. बाळाला स्थिर ठेवण्यासाठी दर वेळी भूल द्यावी लागतेच असे नाही: पोटभर दूध पाजून, कानांवर आवरण घालून, दुपट्यात घट्ट गुंडाळले की अनेक बाळे त्या खडखडाटातही झोपून जातात. इतक्या महागड्या यंत्राचे काम शेवटी एका भरल्या पोटावर अवलंबून असावे, याची मला अजूनही गंमत वाटते.

या सर्व चित्रांत गुठळी कुठे आहे ते दिसते, कशाची आहे ते दिसत नाही. सोनोग्राफीत ०.३ मिलिमीटरचा एक ठिपका धरला, तर त्याच्या रुंदीत साडेसहा हजारांहून अधिक फायब्रिनोजेन रेणू टोकाला टोक लावून मावतील. हे अंतर मिटवण्याचा एक मार्ग म्हणजे फायब्रिनलाच चिकटणारा छोटा पेप्टाइड (अमिनो आम्लांची लहान साखळी) घेऊन त्याला एमआरआयमध्ये उठून दिसणारे गॅडोलिनियम किंवा किरणोत्सारी अणू जोडणे. मोठ्या माणसांत अशा पदार्थांच्या चाचण्या झालेल्या आहेत. बाळांच्या बाबतीत अपक्व मूत्रपिंडे आणि किरणोत्सर्ग यांमुळे हात राखूनच चालावे लागते. शिवाय तो पेप्टाइड मोठ्यांच्या फायब्रिनवर पारखलेला असतो. बाळाच्या फायब्रिनला तो तसाच चिकटेल हे गृहीत धरू नये, तपासावे. तुमच्यासारख्याला प्रबंधासाठी इथे चांगला विषय मिळू शकेल.

उपचारांतही हाच धागा आहे. हेपरिन हे रक्त गोठू न देणारे औषध स्वतः काही करत नाही, ते अँटीथ्रॉम्बिनकडून काम करवून घेते, आणि बाळात नेमके तेच कमी. त्यातच बाळाचे शरीर ते औषध लवकर बाहेरही टाकते. म्हणून एनॉक्सापॅरिन या हेपरिनच्याच एका प्रकाराची प्रचलित सुरुवातीची मात्रा दोन महिन्यांखालील बाळाला दर किलोमागे १.५ मिलिग्रॅम आणि त्यापुढे १ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, अशी असते, आणि नंतर रक्तातील परिणाम मोजून ती बदलतात. गुठळी विरघळवणाऱ्या अल्टेप्लेजला प्लाझ्मिनोजेन लागते, तेही निम्मेच. मोठ्यांमध्ये उपयोगी पडणारी डी-डायमर (फायब्रिन विरघळताना सुटणाऱ्या तुकड्यांची) तपासणी इथे फारशी मदत करत नाही, कारण जन्मानंतर ती निरोगी बाळातही वाढलेली असू शकते.

आधी काय शिकावे, असे विचाराल तर प्रथिने, आणि त्याही आधी नमुना कसा घ्यावा ते. नमुना गोठू नये म्हणून वापरायच्या सायट्रेटच्या नळीत नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण मोठ्यांच्या रक्तासाठी ठरलेले आहे. बाळाचे रक्त दाट असते. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचा वाटा, ५५ टक्क्यांच्या वर गेला की रक्तद्रव कमी पडतो, सायट्रेट जास्त होते, आणि गोठण्याची वेळ विनाकारण लांबलेली दिसते. म्हणून सायट्रेट आधीच कमी करावे लागते, आणि नमुना जेमतेम एक मिलिलिटर असल्यामुळे चूक झाली तर दुसरा मागता येत नाही.