पावसात कारचा हॉर्न बंद पडला. गॅरेजवाले हॉर्न आणि क्लॉक स्प्रिंग दोन्ही बदला म्हणतात. आधी काय तपासू?

तुम्ही लिहिलंय की गाडी दहा वर्षांची आहे, आठवडाभराच्या पावसानंतर हॉर्न एकदम गेला आणि लाइट, वायपर, बाकी सगळं ठीक चालतंय. एवढ्यावरून क्लॉक स्प्रिंगचा (स्टिअरिंगमागच्या गुंडाळलेल्या वायरचा) खर्च करू नका. मी गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो. पावसाळ्यात हॉर्नसाठी येणाऱ्या बहुतेक गाड्यांचा दोष बंपरमागे सापडतो, स्टिअरिंगमध्ये नाही. हॉर्न पुढच्या जाळीमागे बसवलेला असतो आणि रस्त्यावरचं पाणी-चिखल थेट त्याच्यावरच उडतं.

आधी रचना समजून घ्या, म्हणजे कोणी काहीही सांगितलं तरी तुम्हाला पडताळता येईल. एक हॉर्न साधारण चार-पाच अँपिअर ओढतो, दोन असतील तर त्याच्या दुप्पट. एवढा करंट स्टिअरिंगच्या बटणातून नेत नाहीत. बहुतेक गाड्यांत बटण फक्त रिलेच्या (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) कॉइलला अर्थ देतं, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जोडतं, मग रिले ओढला जातो आणि बॅटरीचा करंट हॉर्नकडे सोडतो. म्हणजे रिलेच्या एका बाजूला बटण आणि स्टिअरिंग, दुसऱ्या बाजूला हॉर्न. दोष कोणत्या बाजूला आहे हे कळलं की अर्धं काम झालं.

फ्यूज बघायला मिनिटभर लागतो, तो आधी बघा. फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या चित्रात जागा दाखवलेली असते. लाल फ्यूज १० अँपिअरचा, निळा १५चा, पिवळा २०चा. गेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला, मोठा कधीच घालू नका. नवाही लगेच उडाला तर हॉर्नचा कपलर (वायरचा प्लग) काढून पुन्हा एक घालून बघा. आता टिकला तर हॉर्न आतून शॉर्ट आहे. तरीही उडाला तर वायर कुठेतरी सोलून बॉडीला लागतेय.

फ्यूज ठीक असेल तर घरच्या कोणाला तरी बटण दाबायला सांगा आणि तुम्ही रिलेवर बोट ठेवा. टक् असं जाणवलं तर बटण, स्टिअरिंग आणि रिलेची कॉइल, तिन्ही बरोबर आहेत. क्लॉक स्प्रिंगचा विषय तिथेच संपला. काहीच जाणवलं नाही तर त्याच नंबरचा शेजारचा रिले तिथे लावून बघा. (काही गाड्यांत हॉर्नचा रिले फ्यूज बॉक्सच्या आतच असतो, बाहेर काढता येत नाही. मग नुसता आवाज ऐका.)

रिले ओढतोय पण हॉर्न गप्प, असं असेल तर हॉर्नपाशी जा. इथे मल्टिमीटरपेक्षा साधा बल्बवाला टेस्ट लॅम्प जास्त खरं सांगतो. वायर आतून हिरवी पडून एखाददुसरा तंतू शिल्लक असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट जवळजवळ घेतच नाही. बल्ब करंट घेतो, त्यामुळे तिथे तो मंद पेटतो किंवा पेटतच नाही. कपलर काढा, लॅम्पची क्लिप बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, टोक करंटच्या पिनेला टेकवा आणि बटण दाबायला सांगा. पेटला नाही तर रिलेचे पॉइंट (आतले करंट जोडणारे संपर्क) किंवा मधली वायर गेलीय. लख्ख पेटला तर करंट येतोय, आता अर्थ तपासायचा. क्लिप काढून कपलरच्या अर्थच्या पिनेला लावा आणि बटण पुन्हा दाबायला सांगा. आधी लख्ख पेटलेला बल्ब आता मंद झाला किंवा विझला, तर दोष अर्थचा.

पावसाळ्यात सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं, आणि नेमकं हेच तपासायचं राहून नवा हॉर्न बसवला जातो. काही हॉर्नना तर दुसरी वायरच नसते, ते ज्या पट्टीवर बसतात तिच्यातूनच अर्थ घेतात. पट्टीचा बोल्ट गंजला की खेळ संपला. बोल्ट काढा, दोन्ही बाजू पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा.

करंट आणि अर्थ दोन्ही ठीक असतील तर हॉर्नच दोषी. खात्रीसाठी तो सोडवून, मध्ये फ्यूज असलेल्या वायरने थेट बॅटरीवर क्षणभर लावा. नुसता टक् करून थांबला किंवा घोगरा वाजला तर आतले पॉइंट जळलेत किंवा पडदा गंजलाय. मागे ॲडजस्टिंगचा छोटा स्क्रू असेल तर पाव फेरा इकडे-तिकडे करून बघा, कधीकधी आवाज परत येतो. मधल्या मोठ्या नटाला मात्र हात लावू नका. नवा बसवताना भोंग्याचं तोंड खाली राहील असं बघा, नाहीतर पुढच्या पावसात पाणी पुन्हा आत साचेल.

आता क्लॉक स्प्रिंग. ती म्हणजे स्टिअरिंगमागे टेलरच्या टेपसारखी गुंडाळलेली चपटी वायर. ती तुटली की सहसा एअरबॅगचा दिवा पेटून राहतो, स्टिअरिंगवरची बटणंही बंद पडतात, किंवा स्टिअरिंग एका बाजूला वळवल्यावरच हॉर्न वाजतो. तुम्ही यातलं काहीच लिहिलेलं नाही. शिवाय ड्रायव्हरची एअरबॅग नव्या गाड्यांना १ जुलै २०१९पासून सक्तीची झाली. तुमची त्याआधीची आहे. स्टिअरिंगवर एअरबॅग किंवा एसआरएस असं लिहिलंय का बघा. एअरबॅग नसलेल्या बऱ्याच गाड्यांत क्लॉक स्प्रिंग नसतेच, पितळी चकतीवर घासणारी पिन असते आणि ती साफ केली तरी काम होतं. एअरबॅग असेल तर स्टिअरिंग स्वतः उघडू नका आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरना टेस्ट लॅम्प अजिबात लावू नका. जाणकाराकडूनच करून घ्या. चाकं सरळ ठेवून आणि नवी स्प्रिंग मध्यावर आणूनच बसवायची असते, नाहीतर पहिल्याच पूर्ण वळणात ती तुटते.

हे होईपर्यंत घाटात गाडी नेऊ नका. ताम्हिणी किंवा वरंध्यासारख्या रस्त्यांवर धुक्यात, आंधळ्या वळणावर समोरच्याला आपण येतोय हे हॉर्नशिवाय कळत नाही. आणि नवा हॉर्न घ्यावाच लागला तर मूळचाच प्रकार घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ११९नुसार वेगवेगळे सूर काढणारे आणि कर्कश हॉर्न चालत नाहीत.

रिले टक् करतो का आणि एअरबॅगचा दिवा पेटून राहतो का, एवढं बघून खाली लिहा. गाडीचं मॉडेलही कळवा, म्हणजे रिले कुठे असतो ते सांगतो.