अभ्यासक्रमाआधी कागदपत्रं बघा

निर्वासित तरुणांना संगणक शिकवायला निघालात, उत्तम. पण कोडिंगचा अभ्यासक्रम आखत बसण्याआधी एक चौकशी करा: ते राहतात त्या देशात त्यांना काम करायची परवानगी आहे का? १९५१ च्या निर्वासितविषयक करारात नोकरीबद्दल कलम १७ आणि स्वयंरोजगाराबद्दल कलम १८ आहे, पण सगळ्या देशांनी तो करार स्वीकारलेला नाही. फ्रीलान्स कामाच्या वेबसाइट ओळखपत्र मागतात. पैसे घ्यायला बँक खातं लागतं, खात्याला पुन्हा ओळखपत्र. म्हणजे काम येऊनही मजुरी हाती पडत नाही. मग दुसऱ्याच्या नावावर खातं काढायचा मोह होतो. तो सल्ला चुकूनही देऊ नका. खातं गोठलं की कमाईही अडकते.

शिकवायला ईमेल, फायली नीट ठेवणं, टायपिंग आणि स्प्रेडशीट इथून सुरुवात करा. कंटाळवाणं आहे खरं, पण फोन लीलया वापरणारेही ईमेलला फाईल जोडताना अडखळतात. इंटरनेट बेभरवशाचं असेल तर कोलिब्री हे शिकण्या-शिकवण्याचं सॉफ्टवेअर वापरून बघा. ते मोफत आहे, आणि धडे एकदा उतरवून घेतले की नेटशिवाय चालतं.

त्यांची कहाणी खोदून विचारू नका. वर्गाचे फोटो परवानगीशिवाय कुठेही टाकू नका, मागे राहिलेल्या नातेवाइकांना त्याचा धोका होऊ शकतो. (देणगीदार फोटो मागतातच, स्क्रीनवरचं काम दाखवा.) आणि वर्गाची वेळ मुलींना विचारून ठरवा, नाहीतर त्या पहिल्या आठवड्यातच गळतात.