वाचकांचे प्रश्न : सुटकेआधीची तयारी

प्रश्न : आमचे गाव केज तालुक्यात आहे. माझे धाकटे दीर 2011 पासून जन्मठेपेची शिक्षा भोगत असून, ऐन दिवाळीच्या तोंडावर हर्सूल कारागृहातून मुदतपूर्व सुटून येत आहेत. त्यांनी गावात तोंड दाखवण्यापेक्षा ऊसतोडीच्या टोळीबरोबर जावे, असे यजमानांचे मत आहे. सासूबाईंना मात्र ते घरीच हवे आहेत. ज्या घरातला माणूस गेला, ते कुटुंब आमच्याच गावात राहते. अशा माणसाला हात देणारी काही व्यवस्था आपल्याकडे आहे का? सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक भगिनी, जि. बीड

उत्तर : ताई, व्यवस्था आहे, पण ती एका छपराखाली नाही आणि सुटलेल्या माणसाला शोधत तुमच्या दारी येत नाही. पहिली पायरी म्हणजे बीड येथील जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांचे कार्यालय. पाटी वाचून पुष्कळ पुरुष तेथूनच माघारी फिरतात. परंतु परिविक्षा अधिकारी, म्हणजे सुटलेल्या माणसाच्या पुनर्वसनाकडे पाहणारे अधिकारी, याच विभागाचे असतात आणि सरकारी भाषेत ज्यांना 'मुक्त बंदी' म्हणतात, त्यांना छोट्या व्यवसायासाठी आर्थिक साहाय्य देण्याची योजनाही याच विभागाकडे आहे. अर्जाबरोबर कोणते कागद लागतील आणि सध्या निधी आहे की नाही, हे सुटकेची वाट न पाहता यजमानांनी आधीच विचारून यावे.

टोळीबाबत मात्र मी यजमानांशी सहमत नाही. मुदतपूर्व सुटकेच्या आदेशात बहुधा अटी असतात, त्यांत ठरावीक काळ पोलीस ठाण्यात हजेरी देण्याची अटही असू शकते. आणि असा माणूस पहिल्याच महिन्यात सांगली-कोल्हापूरकडच्या फडात गेला, तर अट मोडल्याचा ठपका त्याच्यावर नकळत येतो. म्हणून आदेशाची प्रत हाती येताच ती एखाद्या जाणत्या माणसाकडून ओळ न ओळ वाचून घ्यावी. दुसरी गोष्ट पैशाची आहे. टोळीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता; एकट्या गड्याला मुकादम अर्ध्या कोयत्याची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देणार, ती घरच्या जुन्या देण्यात जिरणार, आणि चौदा वर्षांनी मोकळा झालेला माणूस हंगाम संपेपर्यंत पुन्हा कोणाचा तरी बांधील होणार. त्यापेक्षा ग्रामपंचायतीत ग्रामरोजगार सेवकाकडे रोजगार हमीच्या कामासाठी त्यांच्या नावाची नोंद करावी. 1972 च्या दुष्काळात याच मराठवाड्याने ज्या कामांवर दिवस काढले, त्या कामांवर मागची शिक्षा कोणी विचारत नाही. सुरक्षारक्षकासारख्या नोकरीत मात्र पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात, तेव्हा तो नाद आत्ताच नको. कारागृहात सुतारकाम, शिवणकाम किंवा विणकाम ते शिकले असतील, तर त्याचे प्रमाणपत्र निघतानाच मागून घ्यावे.

आता कागदपत्रांविषयी सविस्तर सांगतो, कारण सगळे घोडे तेथेच अडते. देशातले पहिले आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. तुमचे दीर 2011 मध्ये आत गेले. त्यांचे आधार मुळात निघालेच नसण्याची शक्यता मोठी आहे, आणि निघाले असले तरी त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक कधीच बंद पडलेला असेल, म्हणजे ओटीपी येणार नाही. आधारवाचून बँक, शिधापत्रिका, योजनेचा अर्ज, सगळेच अडू शकते. म्हणून सासूबाईंच्या शिधापत्रिकेवर त्यांचे नाव शिल्लक आहे का, हे तहसीलच्या पुरवठा शाखेत आजच पाहावे. मधल्या काळात वगळले गेले असेल, तर सुटकेचा दाखला जोडून पुन्हा लावता येईल. बँकेचे जुने खाते दोन वर्षे व्यवहार न झाल्याने निष्क्रिय झाले असले, तरी त्यातले पैसे बुडत नाहीत; ओळखीचे कागद नव्याने दिले की ते सुरू होते. कारागृहातल्या कामाच्या मजुरीचा हिशेबही निघतानाच समजून घ्यावा. शेताचा सातबारा एकदा काढून पाहावा. शिक्षेमुळे वाटा जात नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल. भाऊबंदांना ते आठवतेच असे नाही.

त्या दुसऱ्या कुटुंबाचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे, आणि त्यावर कोणत्याही कार्यालयाचा शिक्का चालत नाही. त्यांना ही बातमी पारावर कळण्याआधी, दोन्ही घरांत ज्यांचा शब्द चालतो अशा वडीलधाऱ्या व्यक्तीने जाऊन सांगावी. तुमच्यापैकी कोणी जाऊ नये, आणि माफीची अपेक्षा तर मुळीच ठेवू नये. गावची तंटामुक्त समिती अजून कामात असेल तर तिच्या अध्यक्षांना, आणि बीट अंमलदारांनाही, म्हणजे तुमच्या गावाची जबाबदारी असलेल्या पोलिसांनाही, सुटकेची तारीख कळवून ठेवावी. कोणी धमकावले किंवा कागद अडले, तर न्यायालयाच्या आवारातील तालुका विधी सेवा समितीकडे जावे. 15100 या क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते. कोठडीतल्या माणसाला तेथे विनाशुल्क वकील मिळतोच. बाहेर आल्यावर मात्र उत्पन्न किंवा जातीचा दाखला लागू शकतो.

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प 1990 पासून मुंबईत या क्षेत्रात काम करतो. सुटलेल्या माणसाला थेट बाजारात न ढकलता आधी एखाद्या स्वयंसेवी संस्थेत काही महिने विद्यावेतनावर काम द्यावे, ही त्यांची पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. तुमच्या घरी तेच वेगळ्या रीतीने करता येईल. पहिले दोन महिने दीरांना शेतातले एखादे ठरावीक काम द्या आणि त्याची मजुरी त्यांच्याच हाती द्या. चहाच्या टपरीवरही आता चौकोनी ठिपक्यांच्या चित्रावर मोबाइल धरून पैसे देतात. ते त्यांना घरातल्या शाळकरी पोराने शिकवावे, मोठ्यांनी शिकवले की माणूस ओशाळतो. संध्याकाळी पाचला भूक लागली, तर नवल मानू नका. आत जेवण लवकरच होते.

प्रश्न : माझे वडील दोन वर्षांपूर्वी पैठणच्या खुल्या कारागृहातून सुटले. मतदारयादीत त्यांचे नाव नाही. शिक्षा झाली की मताचा हक्क कायमचा जातो, असे गावात सांगतात. हे खरे आहे का?
— एक वाचक, जि. जालना

उत्तर : खरे नाही. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 62(5) नुसार तुरुंगात असेपर्यंतच मतदान करता येत नाही. दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झालेल्याला सुटकेनंतर सहा वर्षे विधानसभा-लोकसभा लढवता येत नाही, आणि गावकरी बहुधा या दोन गोष्टींची गल्लत करत असावेत. केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे गावातल्या बीएलओकडे, नमुना 6 भरून द्यावा.