लग्न ठरलंय, पण गोधडी सुटत नाही

"मॅडम, हिचं लग्न तोंडावर आलंय आणि आजीच्या गोधडीचा काठ चोळल्याशिवाय हिला अजून झोप येत नाही. काही मानसिक तर नाही ना?" नौपाड्यातल्या एका आईंचा हा प्रश्न. मुलगी 28 वर्षांची, ऐरोलीत आयटी कंपनीत. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

ही काळजी घेऊन बरेच जण येतात. कुणी कानाची पाळी चोळतं, कुणाला उशीचं टोक नाकाशी लागतं, कुणाला भर मे महिन्यातही पायांवर चादर हवीच.

आईंना बाहेर बसवून मुलीशी बोलले. गोधडी इरकली लुगड्याची. एका कोपऱ्यात धावदोरा उसवलाय आणि काठाची जाडसर घडी वर आलीय. ती चिमटीत धरली की हिचा डोळा लागतो. मग बिघडलं कुठे? "घोड्याएवढी झालीस" म्हणत आईंनी गोधडी माळ्यावर टाकली, तेव्हापासून ही रात्र रात्र तळमळते. त्याआधीही कुणी बघेल या धास्तीने मैत्रिणींबरोबर अलिबागला जाणं तिने टाळलं होतं. त्रास सवयीचा नव्हताच, लाजेचा होता. "घोड्याएवढी" हा शब्द मला म्हणूनच खटकतो.

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी 1953 साली प्रसिद्ध झालेल्या लेखात मुलांच्या अशा लाडक्या वस्तूंचा विचार मांडला. आईपासून थोडं थोडं सुटं होताना मुलाला त्या वस्तूचा आधार मिळतो, आणि त्यांच्या मते ही निरोगी वाढच. पुढे तो स्पर्श आणि झोप यांची गाठ पक्की बसते, इतकंच.

मात्र अंगठा चोखून दात पुढे येत असतील, केस उपटले जात असतील, कापड चघळून गिळलं जात असेल, किंवा एखाद्या धक्क्यानंतर सवय अचानक लागली असेल, तर दाखवायलाच हवं. इथे यातलं काहीच नव्हतं.

गोधडी त्याच रात्री खाली आली. प्रवासासाठी त्याच लुगड्याच्या उरलेल्या कापडाचा रुमालाएवढा तुकडा आईंनीच शिवून दिला. होणाऱ्या नवऱ्याला "आधीच सांगून टाकू का?" असं त्या विचारत होत्या. मी म्हटलं, ते तिचं ती सांगेल, तिला वाटेल तेव्हा. हे पटायला आईंना जरा वेळ लागला.