हप्ता चुकला म्हणून अटल पेन्शन बुडते का?

प्रश्न : पत्नी धुणीभांडी करते. वयाच्या 35व्या वर्षी 5,000 रुपयांची अटल पेन्शन (साठीनंतर दरमहा पेन्शन देणारी सरकारी योजना) घेतली. दोन हप्ते कापलेच गेले नाहीत. भरलेले पैसे गेले का?

उत्तर : नाही, अजिबात घाबरू नका. त्यांचा हप्ता महिना 902 रुपये. खात्यात 890 असले, तर बँक त्यातले थोडे कापत नाही; महिनाअखेरपर्यंत पूर्ण रक्कम जमली नाही, तर हप्ता हुकतो. त्यामुळे आदल्या महिन्यातच पैसे राखून ठेवा. आता दोन थकलेले आणि चालू हप्ता मिळून 2,706 रुपये, वर दंडाचे थोडे, असे त्यांच्या बचत खात्यात भरा. बँक आपोआप वळते करील. दंड शंभरामागे महिन्याला 1 रुपया, आणि तोही त्यांच्याच पेन्शन खात्यात जमा होतो.

ओढाताण होत असेल तर योजना सोडू नका. बँकेत अर्ज देऊन वर्षातून एकदा पेन्शनची रक्कम कमी करता येते; 35व्या वर्षी सुरू केलेल्या 2,000च्या पेन्शनला हप्ता 362च पडतो. वारस म्हणून तुमचं नाव लागलंय ना, तेही तेव्हाच पाहून घ्या.